टक्केवारीखालची संख्याही छापा: कोकणातील महाविद्यालयांना एक खुले पत्र

प्रति,
कोकणातील महाविद्यालयांचे प्राचार्य, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षांचे समन्वयक आणि सर्व प्राध्यापक सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

निकालाचा हंगाम आला की आपल्याकडच्या स्थानिक वर्तमानपत्रांत ‘उज्ज्वल निकालाची परंपरा कायम’ या मथळ्याखाली बातम्या येतात, त्याच मजकुराचे फलक एसटी स्थानकासमोर लागतात, आणि त्याच टक्केवाऱ्या पुढे नॅकला (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेला) पाठवायच्या वार्षिक अहवालात, प्रवेशाच्या माहितीपुस्तकात आणि संस्थेच्या सर्वसाधारण सभेत ठेवल्या जातात. या टक्केवाऱ्या खोट्या असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी आणि विभागातील प्राध्यापकांनी त्या बारकाईने जुळवलेल्या असतात, आणि त्या कष्टांची मला पूर्ण जाणीव आहे. संख्याशास्त्र शिकवणारा माणूस म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की ही टक्केवारी कितीजणांवरून काढली, त्यांत कोणाला धरले आणि कोणाला वगळले, हे आपण जवळजवळ कधीच सांगत नाही. जिथून माणसे सतत बाहेर जात असतात अशा आपल्या भागात ही उणीव फार महागात पडते.

माझा मुद्दा आपल्या भूगोलाशी बांधलेला असल्यामुळे जनगणनेपासून सुरुवात करतो. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ साली दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. राज्यात हे प्रमाण ९२९ होते. कमावत्या वयाचे पुरुष मुंबई-ठाण्याकडे जातात हे कळायला आपल्याला जनगणनेची गरज नाही, गणपतीत आणि शिमग्यात भरून येणाऱ्या गाड्या ते दर वर्षी सांगतात. मात्र आपल्या वर्गात बसलेली मुलेही याच प्रवाहात उभी आहेत, हे अहवाल लिहिताना आपल्या ध्यानात राहत नाही. प्रथम वर्षाला नाव नोंदवणारा विद्यार्थी तृतीय वर्षाला समोर असेलच असे नाही, आणि नसला तर तो नापासच झाला असेल असेही नाही. चुलत्याने नालासोपाऱ्याला काम बघितलेले असते, लोटे-परशुरामच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटी भरती निघालेली असते, नर्सिंगला नंबर लागलेला असतो, लग्न ठरलेले असते, किंवा वडील अंथरुणाला खिळल्यामुळे बागेत ऐन हंगामात माणूस कमी पडलेला असतो.

एक कल्पित, परंतु आपणां सर्वांना ओळखीचे वाटेल असे उदाहरण घेतो. एका महाविद्यालयात प्रथम वर्ष कला वर्गात ६० जणांनी प्रवेश घेतला. तीन वर्षांनी त्यांपैकी ३८ जण शेवटच्या सत्राच्या परीक्षेस बसले आणि ३६ उत्तीर्ण झाले. फलकावर निकाल ९५ टक्के असा येतो, आणि ३८ पैकी ३६ हा हिशेब बरोबरच आहे. परंतु ज्या ६० घरांनी प्रवेशाचे पैसे भरले त्यांचा प्रश्न निराळा आहे. आपल्या मुलीने आज येथे नाव घातले तर तीन वर्षांत तिच्या हाती पदवी पडण्याची शक्यता किती, हे त्यांना हवे असते, आणि त्याचे उत्तर ६० पैकी ३६, म्हणजे ६० टक्के असे आहे. मधले २२ जण कोठे गेले हे ठाऊक नसेल तर हे ६० टक्के चांगले की वाईट, हेसुद्धा ठरवता येत नाही. त्यांतले बहुतेक जण नर्सिंगला, आयटीआयला किंवा दुसऱ्या विद्यापीठात गेले असतील तर तो महाविद्यालयाचा दोष नव्हे. त्यांतल्या बहुतेक मुली दुसऱ्या सत्रातील दोन विषयांच्या केटीत (अनुत्तीर्ण राहिलेल्या विषयांच्या फेरपरीक्षेत) अडकून घरी बसल्या असतील, तर मात्र त्या महाविद्यालयाने सर्व कामे बाजूला ठेवून त्याकडे लक्ष द्यायला हवे. आज या दोन्ही परिस्थितींत फलकावरचा आकडा एकच असतो.

येथे कोणी म्हणेल की नॅकच्या सूत्रातच उत्तीर्ण झालेल्यांची संख्या परीक्षेस बसलेल्यांच्या संख्येने भागायची असते, मग महाविद्यालयाने काय करावे. हे खरे आहे, आणि नॅकला त्यांनी मागितलेलाच आकडा द्यावा. पण तोच आकडा जसाच्या तसा पालकांपुढे, संस्थाचालकांपुढे आणि आपल्या स्वतःच्या बैठकीत ठेवण्याची सक्ती आपल्यावर कोणीही केलेली नाही. कार्यालयातील जनरल रजिस्टरमध्ये प्रवेश, नाव कमी झाल्याची तारीख आणि दाखला नेल्याची नोंद असते. एका वर्षी प्रवेश घेतलेल्या तुकडीचा पदवीपर्यंतचा प्रवास त्यातून मांडता येतो आणि त्यासाठी कोणतेही नवे सॉफ्टवेअर लागत नाही.

कोण मोजणीत आला आणि कोण काठावर राहिला, या प्रश्नावर आपल्याच मातीतल्या एका संख्याशास्त्रज्ञाने मोलाचे काम केले आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला आणि पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. त्याआधी, १९४० च्या दशकात, भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी पीक कापणी प्रयोगांचा बारकाईने अभ्यास केला. शेतातला एक छोटा तुकडा आखून तेवढ्यातले पीक कापायचे, वजन करायचे आणि त्यावरून हेक्टरी उत्पादन काढायचे, ही पद्धत आजही आपल्या भातशेतीत चालते. तुकडा फार लहान आखला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त येते, असे सुखात्मे यांनी दाखवून दिले. आखलेल्या रेषेवरची रोपे आत धरायची की बाहेर, हा निर्णय कापणाऱ्याच्या हाती असतो आणि त्याचा कल ती आत घेण्याकडे असतो. तुकडा जितका लहान तितका त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने काठ मोठा, म्हणून चूकही मोठी. कापणारा माणूस अप्रामाणिक असावा लागत नाही, चूक पद्धतीतच मुरलेली असते. आपल्या महाविद्यालयांत काठावरचे विद्यार्थी नेमके उलट वागवले जातात, ते बाहेर ढकलले जातात, पण परिणाम तोच होतो: आकडा फुगतो. आपल्याकडची बहुतेक महाविद्यालये आणि त्यांतले विभाग लहान आहेत, हेही येथे लक्षात घ्यावे.

रोजगाराच्या आकड्यांत हा काठ आणखी रुंद होतो. ज्यांचे नियुक्तिपत्र हाती आले तेच ‘प्लेसमेंट’मध्ये धरले जातात, ज्यांचा फोन लागला नाही ते यादीत येतच नाहीत, आणि भागाकार अनेकदा केवळ रोजगार कक्षात नाव नोंदवलेल्यांच्या संख्येने केला जातो. त्यावर सर्वाधिक पगाराचा आकडा मोठ्या अक्षरांत छापला जातो, जो वर्गातल्या एकाच मुलाचा असतो. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत पगाराची मध्यका मागितली जाते, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला आकडा, आणि ही गोष्ट त्या क्रमवारीबद्दल माझ्या मनात आदर निर्माण करते. प्रथम वर्ष वाणिज्य शाखेत मध्य, मध्यका आणि बहुलक आपण सर्वांना शिकवतो, तेव्हा स्वतःच्या माहितीपत्रकात सर्वाधिक पगाराऐवजी मध्यका छापणे आपल्याला जड जाऊ नये. हापूसच्या बागांत हंगामी काम करणारा, मासेमारीच्या बोटीवर वडिलांबरोबर जाणारा, घरगुती निवासाचा व्यवसाय सांभाळणारा पदवीधर या तक्त्यात कोठे बसतो, हाही प्रश्न कोकणातल्या महाविद्यालयाने विचारायला हवा. नियुक्तिपत्र नाही म्हणून तो बेरोजगार ठरतो, हे मला पटत नाही.

आता विभागांच्या आकाराकडे वळतो, कारण माझ्या मते सर्वांत जास्त अन्याय येथे होतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही. समजा, एका विषयाचे अध्यापन असे आहे की त्यातला प्रत्येक विद्यार्थी उत्तीर्ण होण्याची शक्यता ८५ टक्के आहे. वर्गात ८ विद्यार्थी असतील तर सर्वच्या सर्व उत्तीर्ण होण्याची शक्यता २७ टक्के येते, म्हणजे चार वर्षांतून एकदा तो विभाग केवळ योगायोगाने ‘शंभर टक्के निकाल’ मिरवू शकतो. १६ विद्यार्थी असतील तर ही शक्यता ७ टक्क्यांवर येते, आणि १२० विद्यार्थ्यांच्या वर्गात ती जवळजवळ शून्य असते. उलट बाजूही तशीच आहे. १६ जणांच्या वर्गाचा निकाल, शिकवण्यात काडीचाही फरक न पडता, एका वर्षी ९४ आणि पुढच्या वर्षी ७५ येऊ शकतो. अर्थात एकाच वर्गातल्या मुलांचे निकाल एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र नसतात, एक प्रश्नपत्रिका कठीण निघाली की सर्वांनाच फटका बसतो, त्यामुळे प्रत्यक्षातला चढउतार या हिशेबाहूनही मोठा असतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या शाळांचे गुण तपासणाऱ्या हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने दाखवले होते की सर्वोत्तम शाळांच्या यादीत लहान शाळा त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त होत्या आणि सर्वांत मागे पडलेल्या शाळांच्या यादीतही त्या वाट्यापेक्षा जास्त होत्या. लहान शाळा चांगल्या असतात असा समज त्याच सुमारास त्या देशात पसरला होता, आणि लहान शाळा काढण्यासाठी प्रचंड पैसा खर्च झाला होता.

आपल्याकडे याचे रूप वेगळे आहे. आठ विद्यार्थ्यांचा संस्कृत किंवा भूगोल विभाग एका वर्षी सत्कार घेतो आणि पुढच्या वर्षी त्याच प्राध्यापकाकडून निकाल घसरल्याचा लेखी खुलासा मागितला जातो. त्या खुलाशात लिहिण्यासारखे त्या प्राध्यापकाजवळ खरोखर काही नसते, म्हणून ते विद्यार्थ्यांची अनास्था, ग्रामीण पार्श्वभूमी, मोबाइल अशी कारणे लिहितात, आणि पुढे तीच कारणे अहवालात सत्य म्हणून रुजतात. पंचवीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांच्या विभागाचा निकाल एका वर्षाच्या टक्केवारीत न देता पाच वर्षांची एकत्र संख्या देऊन मांडावा आणि एका वर्षाच्या घसरणीवरून कोणाकडूनही खुलासा मागू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपल्या विभागीय मंडळाच्या निकालाबद्दलही येथेच बोलले पाहिजे. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत कोकण विभागाचा निकाल ९८.८२ टक्के लागला, राज्याचा ९४.१० टक्के, बारावीत हे आकडे अनुक्रमे ९६.७४ आणि ९१.८८ होते. कोकण विभाग दोनच जिल्ह्यांचा असल्यामुळे तिथली विद्यार्थिसंख्या राज्यातल्या नऊ विभागांत सर्वांत कमी असते, आणि म्हणून हा पहिला क्रमांक योगायोगाचा, असा युक्तिवाद कोणी केला तर तो मी मान्य करणार नाही. हजारो विद्यार्थ्यांच्या संख्येत योगायोगाने एवढा फरक पडत नाही, आणि तो वर्षानुवर्षे टिकतही नाही. आपल्या शिक्षकांचा आणि पालकांचा तो खरा मान आहे. पण हाच आकडा वापरून एखाद्या महाविद्यालयाने ‘कोकण पॅटर्न’चे श्रेय स्वतःकडे घ्यावे हे योग्य नाही, कारण विभागाची सरासरी त्यातल्या कोणत्याही एका संस्थेबद्दल फारच थोडे सांगते.

स्थलांतराने निकालाची बेरीज कशी फिरते हेही पाहण्यासारखे आहे. समजा, एका महाविद्यालयात पहिल्या वर्षी विज्ञान शाखेचे ८० विद्यार्थी परीक्षेस बसले आणि ७२ उत्तीर्ण झाले, कला शाखेचे २० बसले आणि १४ उत्तीर्ण झाले. एकूण निकाल ८६ टक्के. पाच वर्षांनी विज्ञानाकडे जाणारी मुले कोल्हापूर-पुण्याकडे वळली; आता विज्ञानाचे ४० बसले आणि ३७ उत्तीर्ण झाले, कलेचे ६० बसले आणि ४५ उत्तीर्ण झाले. विज्ञानाचा निकाल ९० वरून ९२.५ झाला, कलेचा ७० वरून ७५ झाला, आणि महाविद्यालयाचा एकूण निकाल ८६ वरून ८२ वर आला. दोन्ही विभाग सुधारले आणि महाविद्यालय घसरले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलात १९७३ च्या प्रवेशांबाबत हेच घडले होते. अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता, पण विभागवार पाहिल्यावर स्त्रियांविरुद्धचा तो कल जवळजवळ नाहीसा झाला, कारण ज्या विभागांत प्रवेश मिळणेच कठीण होते तिथे स्त्रियांनी जास्त अर्ज केले होते. ज्या भागात विद्यार्थ्यांची घडणच दर पाच वर्षांनी बदलते तिथे एकूण टक्केवारीचा आलेख काढून त्यावर चर्चा करणे म्हणजे वेळ वाया घालवणे होय.

विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाबद्दल थोडक्यात लिहितो. गुगल फॉर्मवर भरलेल्या ० ते ४ च्या उत्तरांची सरासरी काढून एका प्राध्यापकाला ३.४१ आणि दुसऱ्याला ३.३८ देणे, आणि त्या तीन शतांशांवरून क्रम लावणे, याला संख्याशास्त्रात कोणताही आधार नाही. फिलिप स्टार्क या बर्कलीच्या संख्याशास्त्रज्ञाने २०१४ साली एका सहलेखकासह हेच सांगितले: सरासऱ्यांची तुलना थांबवावी, उत्तरांची विभागणी आणि किती जणांनी उत्तर दिले ते छापावे. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र तपासून बॉब उट्ल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की विद्यार्थ्यांनी दिलेले गुण आणि त्यांचे प्रत्यक्ष शिकणे यांत दखल घेण्याजोगा संबंध आढळत नाही. मुलांनी मोकळ्या शब्दांत लिहिलेली दोन वाक्ये मी नेहमी त्या सरासरीपेक्षा जास्त गांभीर्याने वाचतो.

हजेरीच्या बाबतीत मात्र जरा थांबतो. जुलै महिन्यातील हजेरीपटाचे एक पान माझ्या चांगले लक्षात आहे. वर्गाची सरासरी उपस्थिती ७१ टक्के निघाली होती आणि ७५ टक्क्यांच्या नियमानुसार पालकांना पत्रे पाठवण्याची तयारी चालू होती. पान नीट पाहिल्यावर दिसले की निम्म्याहून अधिक वर्ग नव्वदीच्या पुढे होता आणि उरलेले हजेरी क्रमांक निम्म्याच्याही खाली होते. शिवाय ते सर्व क्रमांक त्याच त्या दिवशी, त्याच त्या तासांना, म्हणजे सकाळच्या पहिल्या दोन तासांना गैरहजर असून तिसऱ्या तासापासून हजर होते. ती सर्व मुले खाडीपलीकडच्या दोन गावांची होती. मोरीवरून पाणी गेल्यामुळे त्या गावांची वस्तीची गाडी बंद झाली होती, आणि मुले पुढच्या गाडीने येत होती. पालकांना पाठवायचे पत्र आगार व्यवस्थापकांना पाठवावे लागले. सरासरीत यातले काहीही दिसत नव्हते. सर्वांचीच उपस्थिती ७१ असली तरी सरासरी ७१ येते, आणि अर्ध्यांची ९५ व उरलेल्यांची ४७ असली तरीही ती ७१ च येते. या दोन वर्गांना लागणारे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत.

आता मी माझ्या स्वतःच्या विषयाकडे, म्हणजे विद्यार्थ्यांना आपण संख्याशास्त्र कसे वापरायला लावतो याकडे येतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला ‘ब्लॅक बुक’ म्हणून जो प्रकल्प सादर होतो, त्यात बहुधा एक प्रश्नावली असते, ती व्हॉट्सअॅपच्या गटांवर फिरवलेली असते, प्रत्येक प्रश्नाखाली एक वर्तुळालेख असतो आणि शेवटी एक काय-वर्ग चाचणी, म्हणजे दोन गोष्टींत संबंध आहे का हे तपासणारी चाचणी, असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे आता क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभागाचे काम अभ्यासक्रमातच आले आहे, त्यामुळे अशा सर्वेक्षणांची संख्या वाढणार आहे. अनेक प्रबंधांत नमुना ३८४ जणांचा असतो. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातला हा आकडा ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक आणि यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) निवड यांवर उभा आहे. यातली शेवटची अट गळून पडली की आकड्याला काही अर्थ उरत नाही. ‘सिंधुदुर्गातील ग्रामीण ग्राहकांचा ऑनलाइन व्यवहारांकडे पाहण्याचा दृष्टिकोन’ हा विषय घेऊन ज्यांच्याजवळ स्मार्टफोन आहे अशा ३८४ मित्रांकडून गुगल फॉर्म भरून घेतला, तर ग्रामीण ग्राहकांपैकी जी आजी रेशन दुकानात रोख पैसे मोजते ती त्या अभ्यासात येऊच शकत नाही. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाला २३ लाखांहून अधिक मतपत्रिका परत आल्या होत्या आणि त्यांवरून त्याने लँडन विजयी होतील असे सांगितले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. ज्यांच्यापर्यंत पत्रिका पोहोचली आणि ज्यांनी ती परत पाठवली ते लोक उरलेल्या मतदारांसारखे नव्हते. २३ लाखांच्या बाबतीत जे घडले ते ३८४ च्या बाबतीत घडणार नाही असे मानायला आपल्याजवळ काय आधार आहे?

काय-वर्गाच्या तक्त्याखाली ‘०.०५ पेक्षा कमी, म्हणून गृहीतक सिद्ध’ असे लिहिणे हीही अशीच एक सवय आहे. ०.०५ ही, म्हणजे प्रत्यक्षात संबंध नसताना केवळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असावी ही, सोयीची मर्यादा रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे रूढ झाली, आणि केवळ या मर्यादेच्या अलीकडे-पलीकडे असण्यावरून निष्कर्ष काढू नये, असे अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने २०१६ मध्ये अधिकृत निवेदन काढून सांगितले. मार्गदर्शकांनी एवढे तरी विचारावे: फरक किती आहे, आणि तो ज्यांच्याबद्दल सांगितला जातो आहे त्यांना तुम्ही भेटलात का?

योग्य नमुना कसा घेतात हे शिकवण्यासाठी आपल्याला परदेशी उदाहरणे शोधावी लागत नाहीत. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेचे कर्मचारी भारताच्या किनाऱ्यावरची मासळी स्तरित बहुटप्पी यादृच्छिक नमुना पद्धतीने मोजतात. कोणते बंदर, कोणता दिवस हे आधी ठरते, त्या वेळेत किती बोटी लागल्या ते मोजले जाते, त्यांतल्या काही बोटी निवडून बांगडा किती, तारली किती, म्हाकूल किती याची नोंद होते, आणि त्यावरून महिन्याचा अंदाज बांधला जातो. रात्री, कोणी मोजायला नसताना उतरलेल्या मासळीची चौकशी सकाळी करून तिचाही हिशेब धरतात. आपल्यासमोर नसलेल्याचा हिशेब कसा ठेवायचा हे यातून प्रथम वर्षाच्या मुलालाही समजते, आणि मिरकरवाडा किंवा हर्णै बंदराला वर्ग नेला तर ते दोन तासांत समजते. आज आपण त्याच मुलाला किंमत आणि मागणीच्या आठ कल्पित जोड्या देऊन सहसंबंध गुणांक काढायला लावतो, आणि उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत बरोबर आले की पूर्ण गुण देतो. महसूल मंडळांतल्या पर्जन्यमापकांच्या रोजच्या नोंदी शासन प्रसिद्ध करते, वाशीच्या बाजारात हापूसच्या किती पेट्या आल्या हे हंगामात रोज कळते, गावाची जनगणना पुस्तिका उपलब्ध आहे. या आकड्यांत गाळलेल्या नोंदी असतात, चुका असतात, एखाद्या मंडळाचा पाऊस दोन दिवस शून्य दिसतो कारण यंत्र बंद असते. विद्यार्थ्याने नेमके हेच पाहायला हवे.

हे सर्व बदलायला वेळ लागेल याची मला कल्पना आहे, आणि नॅक, विद्यापीठ व शासन यांच्याकडून येणाऱ्या नमुन्यांचा आपल्यावर किती भार आहे हेही मी जाणतो. एखादा आकडा निर्णयासाठी जितका जास्त वापरला जातो तितका तो बिघडत जातो, असे डोनाल्ड कॅम्बेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात लिहिले. अभ्यासक्रमाची उद्दिष्टे किती साध्य झाली याचा आकडा २.४ यावा म्हणून आधी लक्ष्यच खाली आणले जाते, हे आपण सर्वजण पाहतो. ते थांबवणे एकट्या महाविद्यालयाच्या हाती नाही. परंतु खालची गोष्ट पूर्णपणे आपल्या हाती आहे, म्हणून तेवढीच मागतो.

येत्या शैक्षणिक वर्षाच्या माहितीपुस्तकात निकालाच्या पानावर, टक्केवारीच्या शेजारी, प्रत्येक शाखेसाठी एक ओळ छापावी: तीन वर्षांपूर्वी प्रवेश किती, परीक्षेस बसले किती, पहिल्या प्रयत्नात पदवी किती, केटी सोडवून पदवी किती, दाखला घेऊन दुसरीकडे शिकायला गेले किती, आणि ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही असे किती. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नये, तो कितीही मोठा असला तरी छापावा. तुकडीच्या जनरल रजिस्टरवरून हा तक्ता बसवायला एक लिपिक आणि संख्याशास्त्राचा एक प्राध्यापक पुरे आहेत, आणि ठावठिकाणा न लागलेल्यांना फोन करण्याचे काम तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांचा क्षेत्रप्रकल्प म्हणून देता येईल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील ज्या महाविद्यालयाला हा तक्ता तयार करायचा असेल तिथे दिवाळीच्या सुट्टीत मी स्वखर्चाने येईन आणि रजिस्टर घेऊन आपल्या सहकाऱ्यांबरोबर बसेन.

आपला स्नेहांकित,
संख्याशास्त्राचा एक प्राध्यापक,
रत्नागिरी जिल्हा